नाव कुठे फोडायचे? हृषीकेशपासून धोंडूपर्यंत

'ऋषिकेश' हे नाव लिहिल्याप्रमाणे फोडले, तर अर्थ निघतो ऋषीचे केस. मुलाचे नाव असे कोण ठेवील? मूळ नाव आहे हृषीकेश. हृषीक म्हणजे इंद्रिय, त्याला जोडला ईश. हृषीक + ईश = हृषीकेश, इंद्रियांचा स्वामी, म्हणजे विष्णू. उच्चारात सुरुवातीचा ह विरला, उरलेल्या आवाजाला लोकांनी ओळखीचा 'ऋषी' चिकटवला आणि मागे केस उरले. महाभारतात या नावाची केसांशी जोडणारी आणखी एक व्युत्पत्ती आहे, पण तिच्यातही ऋषी कुठे नाही. गीतेत अर्जुनाला 'गुडाकेश' म्हटले आहे, त्याची घडणही अशीच: गुडाका म्हणजे झोप, गुडाका + ईश, झोपेवर ताबा असलेला.

जुन्या पुरुषनावांचा अर्थ शब्दकोशात एकेक शब्द शोधून लागत नाही. तो सांध्यात असतो. नाव कुठे जोडले आहे आणि कशाने जोडले आहे ते कळले की निम्मे काम होते. मराठी नावांना बहुधा तीन थर असतात: आत देवाचे किंवा वस्तूचे मूळ नाव, त्याला समासाने जोडलेला दुसरा शब्द, आणि बाहेरून राव, पंत, जी, बा यांपैकी एखादे टोक. तिन्ही थर प्रत्येक नावात नसतात. सोलायचे मात्र बाहेरून आत.

सांधा उघडताना

टोक काढून ठेवले की संधी पाहावी. मधे 'ए' ऐकू आला तर तिथे बहुधा अ किंवा आ आणि इ किंवा ई एकत्र आले आहेत: रमा + ईश = रमेश, उमा + ईश = उमेश, राका + ईश = राकेश. राका म्हणजे पौर्णिमेची रात्र, म्हणून राकेश हा चंद्र. 'ओ' ऐकू आला तर अ आणि उ: पुरुष + उत्तम, दाम + उदर. दीर्घ ई दिसली तर दोन इकार मिळाले आहेत: रवि + इंद्र = रवींद्र, सती + ईश = सतीश. 'त्र्यंबक'मध्ये त्रि + अंबक असून इ पुढे अ आल्याने य झाला. अंबक म्हणजे डोळा. जगत् + ईश चे जगदीश होते, पण जगत् + नाथ चे जगन्नाथ. एकच 'जगत्' पुढच्या अक्षराप्रमाणे दोन रूपे घेतो.

संधी सुटली की विग्रह. इथे लोक सर्वांत जास्त घसरतात, कारण दोन शब्दांचे अर्थ शेजारी ठेवले की झाले असे वाटते. चंद्रशेखर म्हणजे चंद्र नव्हे. चंद्र आहे शेखर, म्हणजे शिरोभूषण, ज्याचे तो शंकर. पीतांबर म्हणजे पिवळे वस्त्र, आणि नाव म्हणून पिवळे वस्त्र ज्याचे तो विष्णू. गजानन, लंबोदर, नीलकंठ, पद्मनाभ, चक्रपाणी ही सगळी याच जातीची. व्याकरणात या समासाला बहुव्रीही म्हणतात, आणि तो ओळखायची खूण सोपी आहे: विग्रह 'ज्याचा, ज्याला, ज्याच्या' असल्याशिवाय पुरा होत नाही आणि बोट तिसऱ्याकडेच जाते. उलट गणेश, दिनेश, रघुनाथ यांत 'चा, ची, चे' लावून भागते: गणांचा ईश, दिवसाचा ईश, रघूंचा नाथ. हा तत्पुरुष.

काही नावे ओळखीच्या शब्दांनी फसवतात. दामोदरमधला दाम पैशाचा नाही. दाम म्हणजे दावे, दोर. यशोदेने कृष्णाच्या पोटाला दावे बांधले, म्हणून दाम उदराला ज्याच्या तो दामोदर. मधुसूदनमध्ये मध नाही, मधू नावाचा राक्षस आहे आणि सूदन म्हणजे मारणारा. माधवचे दोन अर्थ चालतात: मा म्हणजे लक्ष्मी, तिचा धव म्हणजे पती, किंवा मधूच्या कुळातला (हा मधू राक्षस नव्हे, यादवांचा पूर्वज). शिवाय माधव हे वैशाखाचे जुने नाव आहे, त्यामुळे कवितेत माधव आला की कृष्ण की वसंत हे आजूबाजूच्या ओळींवरून ठरवावे लागते. सूर्यकांत आणि चंद्रकांत ही मुळात मण्यांची नावे, तर रजनीकांत हा रात्रीचा वल्लभ, म्हणजे चंद्रच.

'अ'ने सुरू होणाऱ्या नावांचा गोंधळ वेगळाच. अजित, अच्युत, अनंत, अक्षय, अतुल, अमोल, अशोक, अविनाश यांत अ नकार दाखवतो: न जिंकला गेलेला, न ढळलेला, अंत नसलेला. अमित आणि अमेय एकाच धातूतले, मोजता न येणारे. पण अनिलमध्ये नकार नाही. तो 'अन्' या श्वास घेण्याच्या धातूपासून आलेला वारा. एक वेलांटी काढली की अनल होतो, म्हणजे अग्नी. अभिजितमध्येही नकार नाही, तिथे 'अभि' हा उपसर्ग आहे.

वसुदेव आणि वासुदेव यांत फक्त एका काण्याचा फरक, पण एक बाप आहे आणि दुसरा मुलगा. पहिला स्वर वाढवून 'याचा मुलगा' किंवा 'याच्या कुळातला' असा अर्थ काढायची ही संस्कृत रीत: रघू–राघव, भृगू–भार्गव, अत्री–आत्रेय. दत्तात्रेय म्हणजे दत्त + आत्रेय, दिला गेलेला अत्रिपुत्र.

लेखनातल्या चुकाही सांधा न दिसल्याने होतात. 'रविंद्र' ही पाटीवरची नेहमीची चूक. रवि आणि इंद्र यांचे दोन इकार मिळाल्यावर तिथे ऱ्हस्व राहूच शकत नाही. हरीश, गिरीश, मुनींद्र यांनाही हेच लागू. याउलट समासात संधी न होता ऱ्हस्व इकारान्त शब्द पुढे आला तर तो ऱ्हस्वच राहतो: हरिभाऊ, रविकिरण, शशिकांत. सुटे लिहिताना मात्र मराठीच्या नियमाने हरी, रवी, शशी असे दीर्घ. लक्ष्मीकांत दीर्घ, कारण लक्ष्मी मुळातच दीर्घ. आता ज्याचे नाव तो जसे लिहितो तसे लिहावे, हा शिष्टाचार आहेच. कुणाच्या दारावरची पाटी दुरुस्त करायला जाऊ नये.

टोके: राव, पंत, जी, बा आणि या

मराठी नावात माणसाची पायरी टोकाने कळते. राव हा राजाचा झिजलेला शब्द, पंत हा पंडिताचा. बा म्हणजे बाप. विठू + बा = विठोबा, खंडू + बा = खंडोबा, ज्ञानू + बा = ज्ञानोबा. धाक आणि जिव्हाळा दोन्ही या एका अक्षरात मावतात. म्हणून भीती वाटणाऱ्या प्राण्यालाही ते लागते: नागोबा, वाघोबा. आणि चेष्टेतही: 'आधी पोटोबा, मग विठोबा'. या म्हणीची सगळी गंमत टोकात आहे. पोटाला देवाचे टोक लावले नसते तर ते नुसते मत झाले असते. 'या' हे टोक बरोबर उलट्या बाजूचे. बंड्या, गण्या, नाऱ्या हे घरच्यांनी म्हटले तर लाड, परक्याने म्हटले तर अपमान.

नाटककार देवलांनी या टोकांचा केलेला उपयोग बघण्यासारखा आहे. १९१६च्या 'संगीत संशयकल्लोळ'मध्ये पात्रांची नावे सरळ पंचांगातून उचलली आहेत. पुरुषांना महिने: फाल्गुनराव, आश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या. बायकांना नक्षत्रे: कृत्तिका, रेवती. सगळे पुरुष एकाच वर्षातले महिने, पण राव कोण, शेठ कोण आणि नोकर कोण हे पडदा उघडण्याआधी पात्रांच्या यादीतच कळते. भादव्याला भाद्रपदराव म्हणून पाहा, नाटक बिघडेल.

चिं. वि. जोशींचा चिमणराव याच तत्त्वावर उभा आहे. आत चिमण, इवलासा. बाहेर राव, दरबारी. माणूस कसा असेल ते नावातच सांगून झाले. 'मोठा बाजीराव लागून गेलास!' या टोमण्यातही जोर रावावरच पडतो.

आणखी एक गोष्ट व्याकरणाची पुस्तके सहसा सांगत नाहीत, पण मराठी माणूस चुकत नाही. देवाच्या नावाला विभक्ती लागताना ते वाकते, शेजाऱ्याच्या नावाला लागताना वाकत नाही. 'विठ्ठलाची पूजा' पण 'विठ्ठलची बदली'. 'रामाने रावणाला मारले' पण 'रामने गृहपाठ केला नाही'. जुन्या पिढीच्या बोलण्यात आणि जुन्या गद्यात माणसांची नावेही वाकतात: गोविंदाने, माधवाला. आज एखाद्या लेखकाने पात्राच्या तोंडी 'माधवाने सांगितले' घातले, तर त्या पात्राचे वय वाचकाला न सांगता कळते.

जिथे संस्कृत कोश गप्प बसतो

धोंडू, दगडू, केरबा, भिकाजी, नथू. या नावांना विग्रह नाही, कारण ती देवाला किंवा मृत्यूला उद्देशून ठेवलेली आहेत. आधीची मुले दगावली की पुढच्याचे नाव मुद्दाम टाकाऊ ठेवायचे, म्हणजे दृष्ट लागणार नाही आणि यमालाही मोह पडणार नाही. केर म्हणजे कचरा. भिका म्हणजे भीक मागून मिळवलेला. नथूचे नाक टोचून त्यात नथ घालत, मुलगी आहे असे भासवायला. धोंडूला दुसरेही कारण असू शकते: अधिक महिना हा धोंड्याचा महिना. तो साधारण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो आणि त्यात जन्मलेल्या मुलालाही धोंडू म्हणत. एखाद्या घराण्यातला धोंडो कोणत्या कारणाचा, हे नावावरून ठरवता येत नाही. त्यासाठी जन्मतिथीच हवी. सटवाजी हे नाव सटवाईचे, सहाव्या रात्री कपाळावर नशीब लिहिणारीचे. नवसाने झालेला तो नवसाजी.

मग गावोगावचे देव. जेजुरीच्या आसपास खंडू, खंडेराव, मल्हारी (मल्ल + अरी, मल्लाचा शत्रू), मार्तंड, म्हाळसाकांत. धनगरांत बिरू, बिरोबावरून. सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत रवळू, रवळनाथावरून. गोव्यात मंगेश आणि नागेश. असे नाव ऐकून घराण्याचे कुलदैवत आणि मुलूख यांचा अंदाज बांधता येतो. अंदाजच म्हणायचे, कारण नावे लग्नांबरोबर आणि नोकऱ्यांबरोबर फिरतात.

फारसी-अरबी शब्दही याच घडणीत बसले: दौलतराव, हिंमतराव, हैबतराव. आत बाहेरचा शब्द, टोक मराठी. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. इथे फोड सोपी: शाह + जी.

उलटाही प्रवास झाला आहे. पांडुरंग म्हणजे पांढऱ्या रंगाचा. पण पंढरपूरची मूर्ती काळी, आणि संतही तिला सावळी म्हणतात. जुन्या कोरीव लेखांत गावाचे नाव पंडरगे असे येते. त्याच कन्नड वळणाच्या गावनावाला संस्कृत पेहराव चढवून पांडुरंग झाला, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे नाव आधी आणि विग्रह नंतर. अशा नावाचा शब्दशः अर्थ खरा असतो, पण तो कारण नसतो.

मिलिंद हे दोन मुळांचे नाव. संस्कृत कवितेत मिलिंद म्हणजे भुंगा. पाली वाङ्मयात मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, नागसेन भिक्खूला प्रश्न विचारणारा. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे औरंगाबादचे महाविद्यालय १९५०मध्ये सुरू झाले आणि पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, ते या प्रश्न विचारणाऱ्यावरून. १९५६च्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद यांच्याबरोबर मिलिंदही घरोघर झाला. तिथे 'मिलिंद म्हणजे भुंगा' असे सांगणे म्हणजे पत्ता बरोबर पण गाव चुकीचे.

तुका का, तुकाराम का नाही?

नावांचा सर्वांत कसबी वापर मराठीत अभंगाने केला. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो, तिला मुद्रा किंवा नाममुद्रा म्हणतात. ती सही आहे, पण सहीसारखी खाली वेगळी पडत नाही. तिला ओळीत मोजून बसावे लागते.

मोठ्या अभंगाचे माप असे: चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. लघु-गुरू पाहायचे नाही, फक्त अक्षरे मोजायची. जोडाक्षर एकच धरायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळवायचे. आता हे पाहा:

तुका म्हणे माझे । हेचि सर्व सुख ।
पाहीन श्रीमुख । आवडीने ॥

तु-का-म्ह-णे-मा-झे, सहा. हे-चि-स-र्व-सु-ख, सहा. पा-ही-न-श्री-मु-ख, सहा. आ-व-डी-ने, चार. 'सुख' आणि 'श्रीमुख' जुळले. 'तुका म्हणे' चार अक्षरांत आटोपते आणि चरणात दोन अक्षरे मोकळी राहतात. तेवढ्यात 'माझे', 'आता', 'होय', 'ऐसे' बसते आणि वाक्य तिथेच सुरू होते. 'तुकाराम म्हणे' घातले तर तेही सहाच अक्षरांचे, मापात बसेल. पण चरण नावातच संपेल आणि म्हणायचे ते पुढच्या चरणावर ढकलावे लागेल. आठ अक्षरांच्या चरणात तर चार अक्षरे हाताशी राहतात: 'तुका म्हणे ऐशा नरा'.

म्हणून नामदेव 'नामा' झाले, चोखामेळा 'चोखा' झाले. सेना मुळातच दोन अक्षरी. दोन अक्षरांचे नाव आणि 'म्हणे' हा साचा पक्का. हे छोटे रूप घरात हाक मारायचे रूप आहे, हा दुसरा फायदा. देवापुढे उभे राहताना कुणी राव-पंत लावून उभा राहत नाही. ज्ञानदेवांची मुद्रा मात्र 'ज्ञानदेव म्हणे' अशी पुरी सहा अक्षरे घेते. तिथे नावाचा चरण वेगळा आणि विधान पुढच्या चरणात. याशिवाय त्यांची 'बापरखुमादेवीवरु' ही मुद्रा आहे, आणि तिच्यात त्यांचे स्वतःचे नावच नाही. बाप, रखुमादेवीचा वर, म्हणजे विठ्ठल. कवीच्या सहीच्या जागी देवाची सही.

एकनाथांनी केलेली जोडणी सगळ्यांत हुशारीची. 'एका जनार्दनी': एका हे त्यांचे नाव, जनार्दन हे गुरूंचे. अक्षरे मोजली तर ए-का-ज-ना-र्द-नी, बरोबर सहा, एक पूर्ण चरण. 'जनार्दनी' ही सप्तमी असल्यामुळे 'जनार्दनाच्या ठायी असलेला एका' असा अर्थ निघतो, आणि जनार्दन हे विष्णूचेही नाव असल्याने 'एकाच जनार्दनाच्या ठायी' असाही. दोन माणसे, एक देव आणि अद्वैताचा सिद्धांत, सहा अक्षरांत. नाव छोटे केल्याने वाचलेली जागा त्यांनी गुरूला दिली.

देवाची अनेक नावे कवीला याच कामी येतात. विठू दोन अक्षरे, विठ्ठल आणि विठोबा तीन, पांडुरंग चार, पंढरीनाथ पाच. सुताराच्या पेटीत जसे वेगवेगळ्या मापाचे तुकडे असतात तसे. महाभारतात अर्जुनाची दहा नावे आहेत: अर्जुन, फाल्गुन, जिष्णू, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सू, विजय, कृष्ण, सव्यसाची, धनंजय. कवी त्यांतले नाव निवडताना आधी वृत्त पाहतो, मग प्रसंग. म्हणीही मागे नाहीत. 'अडला हरी, गाढवाचे पाय धरी' यात हरीच्या जागी गोविंद घाला, यमकच कोसळते.

मुद्रेने कवी कळतो, पण मुद्रेवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. 'तुका म्हणे' ही चार अक्षरे कुणालाही जोडता येतात आणि लोकांनी जोडली आहेत. नामा ही मुद्राही एकट्या नामदेवांची राहिली नाही. एकनाथांच्या काळात महाभारत रचणारा विष्णुदास नामा हा दुसराच कवी, आणि हस्तलिखितांत दोघांच्या रचना एकमेकींत मिसळल्या. अशा वेळी संपादक भाषेतली जुनी रूपे, आशय आणि हस्तलिखिताचे वय पाहतात. मुद्रा हा फक्त पहिला पुरावा.

पंडित कवींत मोरोपंतांनी (१७२९–१७९४) वेगळी वाट काढली. मोरो हे मोरेश्वराचे छोटे रूप, मोरेश्वर म्हणजे मोरगावचा मयूरेश्वर. त्यांनी स्वतःला मयूर केले आणि आपल्या आर्त प्रार्थनेला नाव दिले 'केकावली'. केका म्हणजे मोराची आरोळी. नाव न लिहिता सही झाली.

बापाचे, भावाचे, बहिणीचे नाव

आधुनिक कवींची टोपणनावेही समासच. कृष्णाजी केशव दामले यांनी वडिलांच्या नावावरून केशवसुत घेतले. पुढे प्रल्हाद केशव अत्रे यांनी विडंबनासाठी केशवकुमार घेतले. सुत आणि कुमार दोन्हींचा अर्थ मुलगा, म्हणजे अर्थाने दोन्ही नावे सारखीच आणि दोघांचे वडील मात्र वेगळे केशव. राम गणेश गडकरी झाले गोविंदाग्रज, गोविंदाचा थोरला भाऊ (अग्र + ज, आधी जन्मलेला). शिरवाडकर झाले कुसुमाग्रज, धाकट्या बहिणीवरून. चारही ठिकाणी कवीचे स्वतःचे नाव गाळले आहे आणि नात्याने ओळख दिली आहे. 'अग्रज'ऐवजी 'अनुज' वाचण्याची चूक होते, तेव्हा थोरला धाकटा होतो.

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त नायक सुधाकर. सुधा म्हणजे अमृत, कर म्हणजे किरण, सुधाकर म्हणजे चंद्र. बायको सिंधू, समुद्र. अमृताचे नाव लावलेला माणूस प्याल्यात बुडतो आणि समुद्र भरती-ओहोटी सोसत राहतो. नावे नुसती गोड म्हणून ठेवलेली नाहीत. त्याच नाटकातला तळीराम तर नाटकाबाहेर पडून सामान्यनाम झाला. बातमीत 'तळीरामांवर कारवाई' वाचताना तो मुळात एका पात्राचा राम आहे हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही. तेंडुलकरांच्या सखाराम बाइंडरचे नावही असेच धारेवर धरलेले: राम ज्याचा सखा तो सखाराम, आणि त्याला जोडून धंद्याचा इंग्रजी शब्द. ज्ञानबाचे बोलीतले रूप ग्यानबा, आणि खरी अडचण जिथे दडलेली असते तिला म्हणतात ग्यानबाची मेख.

संस्कृत शास्त्रकारांना उदाहरणासाठी कुणीतरी माणूस लागे, तेव्हा ते देवदत्ताला बोलावत. जाडजूड देवदत्त दिवसा जेवत नाही, मग तो रात्री जेवत असणार: मीमांसेतल्या अर्थापत्तीचे हे ठरलेले उदाहरण. योगायोगाने की कसे, पण देवदत्त हे नाव पारस्कर गृह्यसूत्राच्या नामकरणाच्या नियमात चपखल बसते. मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, पहिले व्यंजन घोष, म्हणजे ग, ज, द, ब यांसारखे घुमणारे असावे (क, च, त, प हे अघोष), आत य-र-ल-व यांपैकी काही असावे. देवदत्त: चार अक्षरे, द घोष, आत व. केशव इथे नापास: तीन अक्षरे, आणि क अघोष. तुकाराम चार अक्षरांचे, पण त अघोष. म्हणजे नियम पुस्तकात राहिला आणि घरे आपल्या देवाचे नाव ठेवत राहिली.

पंचांगातल्या नावाक्षरांचेही तसेच. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, एकूण १०८ अक्षरे. अश्विनीला चू, चे, चो, ला. इथवर ठीक. पण हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ण, आर्द्रेच्या तिसऱ्याला ङ, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ. या अक्षरांनी सुरू होणारे नाव आणायचे कुठून? म्हणून जन्मनाव पत्रिकेत राहते आणि पाळण्यात 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणून बाळ खालून-वरून फिरवल्यावर कानात सांगितलेले नाव वेगळे असते.

जुन्या कागदांत माणूस शोधताना

हे सगळे प्रत्यक्ष उपयोगी पडते ते जुना फेरफार, जन्ममृत्यूची नोंद किंवा शाळेचा दाखला धुंडाळताना. आजोबा महादेव असले तर महादू, म्हादू, म्हादबा, महादजी हेही शोधावे. यशवंत असले तर येसू, येसबा. कृष्णाचे किसन, कान्हू, कृष्णाजी. विश्वनाथाचे विसाजी, विसोबा. त्र्यंबकाचे त्रिंबक, तिंबक. शंभूचे संभू, संभाजी. जुन्या दस्तांत 'रामजी बिन धोंडजी' असे आले तर बिन हे आडनाव नाही. बिन म्हणजे मुलगा, वलदचा अर्थही तोच. एका कागदावर ज्ञानेश्वर, दुसऱ्यावर ज्ञानदेव आणि सातबाऱ्यावर ज्ञानोबा असेल तर माणूस एकच असू शकतो, पण कार्यालय ते गृहीत धरत नाही. तिथे 'उर्फ' लावून प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रात बदल, यांपैकी जे मागतील ते द्यावे लागते. जुळवताना क्रम आडनाव, मग बापाचे नाव, मग गाव असा ठेवावा. त्या माणसाचे स्वतःचे नाव सगळ्यांत शेवटी, कारण सर्वांत जास्त रूपे तेच बदलते.